पाप करता न येणारा माणूस स्वतंत्र असतो का?

प्रश्न असा: ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे स्वर्गात पाप नाही. मग तिथे माणसाला इच्छास्वातंत्र्य असेल की नाही? असेल, तर आज ना उद्या कुणाचा तरी पाय घसरणारच. अनंतकाळ म्हणजे काही थोडाथोडका वेळ नव्हे. नसेल, तर तिथे माणसं नाहीत, किल्लीवर चालणाऱ्या बाहुल्या आहेत. आणि स्वतंत्र असूनही पाप न करणारी माणसं देवाला तिथे ठेवता येत असतील, तर पहिल्या दिवसापासून तशीच का नाही घडवली? मधल्या एवढ्या रडारडीचं कारण काय?

मी पाळक आहे आणि गेली सव्वीस वर्षं सेमिनरीत ईशज्ञान शिकवतो. हा प्रश्न दर वर्षी येतो, बहुतेक वेळा मागच्या बाकावरून, आणि विचारणाऱ्याला वाटत असतं की आता सरांची पंचाईत झाली. पंचाईत होतेच, पण ती तिसऱ्या भागात. पहिल्या दोन भागांवर चर्चने सोळाशे वर्षं विचार केलाय आणि त्यातलं बरंचसं पक्कं आहे.

आधी सरळ उत्तर. स्वर्गात इच्छा असेल, निवड असेल, पाप नसेल. पाप घडणार नाही एवढंच नव्हे, घडूच शकणार नाही. इथवर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट या तिन्ही परंपरांचा मुख्य प्रवाह एकमुखाने बोलतो. असं का घडू शकणार नाही, याच्या उत्तरात मात्र फाटे फुटतात.

एक शब्द आधी साफ करून घेतो, कारण मराठीत तो घोटाळा करतो. ‘स्वर्ग’ म्हटलं की आपल्या कानात इंद्रलोक वाजतो. तिथून नहुष पडला, तिथून ययाती पडला. पुण्य संपलं की परत मर्त्यलोकात. त्या स्वर्गातून पडणं हा अपघात नाही, ती तिथली रीतच आहे. शिल्लक संपली की खातं बंद. ख्रिस्ती कल्पनेत शिल्लकच नाही. तिथे माणूस पुण्याच्या जोरावर जात नाही, कृपेने जातो, म्हणून ‘संपण्या’सारखं काही त्याच्या खात्यावर नसतं. शिवाय प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांतलं चित्र ढगांवरचं नाहीच. नवं आकाश, नवी पृथ्वी, पुनरुत्थान झालेली शरीरं, आणि देव माणसांमध्ये राहायला आलेला, असं ते आहे. मी खाली ‘स्वर्ग’ हा शब्द सोयीसाठी वापरतो, पण डोळ्यांसमोर हे चित्र ठेवा.

शास्त्रात ‘स्वर्गात पाप करणं अशक्य आहे’ असं छापील वाक्य नाही. विद्यार्थी ते शोधून दमतात. जे आहे ते असं: त्या नगरात अशुद्ध असं काहीही शिरणार नाही (प्रकटीकरण २१), शाप उरणार नाही आणि त्याचे दास त्याचं मुख पाहतील (प्रकटीकरण २२), आणि योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपण त्याच्यासारखे होऊ, कारण तो जसा आहे तसा आपल्याला दिसेल. हा ‘कारण’ लक्षात ठेवा. पाहणं हे कारण आणि सारखं होणं हा परिणाम, असं योहान म्हणतोय. पुढची सगळी चर्चा या एका शब्दाभोवती फिरते.

आता मुळाला हात घालू. प्रश्नकर्त्याने न सांगता एक व्याख्या गृहीत धरली आहे: स्वतंत्र म्हणजे ज्याला बरं आणि वाईट दोन्ही करता येतं तो. ऐकायला ती इतकी साधी वाटते की कुणी तपासत नाही. तपासायला एकच प्रश्न पुरतो. देव स्वतंत्र आहे का? ख्रिस्ती माणूस ‘हो’ म्हणेल, पूर्ण स्वतंत्र तोच एक. पण इब्री लोकांच्या पत्रात म्हटलंय की देवाला खोटं बोलणं अशक्य आहे. याकोब म्हणतो, वाईट गोष्टींचा मोह देवाला होऊच शकत नाही. म्हणजे वरची व्याख्या खरी धरली, तर विश्वातला सगळ्यात कमी स्वातंत्र्य असलेला जीव म्हणजे देव, आणि त्याच्यापेक्षा एखादा भुरटा चोर जास्त स्वतंत्र. इथे वर्गात हशा होतो. पण हा विनोद माझा नाही. कॅन्टरबरीचा आर्चबिशप अँसेल्म (१०३३–११०९) याने स्वातंत्र्यावरच्या आपल्या संवादाची सुरुवातच इथून केली आहे. शिष्य विचारतो, गुरू उत्तर देतो, आणि पहिल्याच पानांत ठरतं की पाप करण्याची क्षमता हा स्वातंत्र्याचा भाग नव्हेच. जी गोष्ट जोडल्याने स्वातंत्र्य कमी होतं आणि काढून टाकल्याने वाढतं, ती स्वातंत्र्याचा अवयव कशी असेल?

मध्ययुगातला मोठा ईशज्ञानी थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) याचा दाखला मला त्याहून आवडतो. तो म्हणतो, बुद्धीकडे बघा. एकाच गृहीतकापासून निरनिराळे निष्कर्ष काढता येणं ही बुद्धीची ताकद आहे. पण गृहीतक सोडून भलताच निष्कर्ष काढणं ही बुद्धीची ताकद नव्हे, तो तिचा दोष. इच्छेचंही तसंच. चांगल्याकडे जाण्याच्या अनेक वाटांतून एक निवडणं हे स्वातंत्र्य. चांगलंच सोडून देणं ही त्या स्वातंत्र्यातली खोट. म्हणून, तो म्हणतो, पाप करू न शकणारे देवदूत पाप करू शकणाऱ्या आपल्यापेक्षा जास्त स्वतंत्र आहेत. गणिताच्या बाईंना बेरीज चुकवता येत नाही म्हणून त्यांचं गणित पोरांपेक्षा कच्चं ठरत नाही.

मराठीत हा फरक दाखवायला दोन शब्द तयारच आहेत, आणि आपण ते उगाच एकमेकांत मिसळतो: स्वैर आणि स्वतंत्र. स्वैर म्हणजे वाटेल तिकडे जाणारा. स्वतंत्र म्हणजे ज्याचं तंत्र स्वतःचं आहे तो. स्वर्गातला माणूस स्वैर नसेल. तो स्वतंत्र असेल का, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने हे दोन टप्पे करून मांडलं. आदामाला पाप न करता राहता येत होतं. स्वर्गातल्या माणसाला पाप करता येणार नाही. लॅटिनमध्ये तो फक्त नकाराची जागा बदलतो: ‘पोसे नॉन पेक्कारे’ आणि ‘नॉन पोसे पेक्कारे’. आपल्याकडेही तेच जमतं: ‘पाप न करू शकणे’ आणि ‘पाप करू न शकणे’. पहिल्यात एक शक्यता उघडी आहे, दुसऱ्यात ती उरलेली नाही. या दोहोंच्या मध्ये आपण आहोत आणि आपली अवस्था वेगळीच आहे. पाप केल्याशिवाय राहवत नाही अशी. ‘देवाचे नगर’ हा त्याचा प्रचंड ग्रंथ सुमारे ४२६ साली पुरा झाला. त्याच्या अगदी शेवटच्या अध्यायात तो हाच प्रश्न घेतो आणि म्हणतो, पापात त्यांना आनंद वाटणार नाही म्हणून त्यांची इच्छा स्वतंत्र नाही असं समजू नका. उलट ती जास्त स्वतंत्र, कारण ती पापातल्या आनंदापासून सुटलेली आहे. वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने (१६४६), म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका अधिकृत श्रद्धापत्राने, नवव्या प्रकरणात हेच कायदेशीर भाषेत लिहिलं: माणसाची इच्छा पूर्णपणे आणि कायमची, फक्त चांगल्यासाठी स्वतंत्र होते, ती गौरवाच्या अवस्थेतच, म्हणजे स्वर्गात.

ग्रंथांचं ठीक आहे. पण हे ‘करता न येणं’ मला खरं समजलं ते एका घरात.

माझ्या मंडळीत एक बाई होत्या. त्यांच्या नणंदेला अर्धांगवायू झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. अकरा वर्षं. मी महिन्यातून एकदा प्रभुभोजन घेऊन जायचो. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, टाचा गादीला घासू नयेत म्हणून जुन्या साडीची घडी पोटऱ्यांखाली सरकवायची, हे सगळं त्या माझ्याशी बोलता बोलता करायच्या. हात आपोआप चालायचे. एकदा मी विचारलं, “ताई, कधी वाटलं नाही, सोडून जावं?” म्हणाल्या, “वाटलं की, पाळकसाहेब. पहिली दोन वर्षं रोज वाटायचं. बॅग काढून पलंगाखाली ठेवली होती.” मग थोडं थांबून, “नंतर कधीतरी वाटायचं बंद झालं. कधी झालं ते नाही सांगता यायचं. आता तुम्ही गाडीभाडं हातात ठेवलंत तरी मला नाही जाता यायचं.”

हे ‘नाही जाता यायचं’ नीट ऐका. दाराला कुलूप नव्हतं. नवरा धाकात ठेवणारा नव्हता. पाय धडधाकट होते. तरी वाक्य खरं होतं. आता सांगा, बॅग पलंगाखाली असलेली बाई जास्त स्वतंत्र, की जिला बॅगेची आठवणही नाही ती? पहिल्या बाईपुढे दोन वाटा होत्या, कबूल. पण तिच्या आत दोन बायका भांडत होत्या. दुसरी एकसंध होती. ती जे करत होती ते पूर्णपणे तीच करत होती. ‘करता येत नाही’ हे वाक्य मराठीत दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी सांगतं: हात बांधलेले असल्याने येत नाही, आणि मन होत नसल्याने येत नाही. पहिलं म्हणजे कैद. दुसरं म्हणजे स्वभाव. स्वर्गातलं ‘नाही’ दुसऱ्या जातीचं आहे, असं माझं म्हणणं.

ते येतं कसं, यावर मोठी माणसं भांडली आहेत, आणि भांडण रंगतदार आहे.

अक्विनासचं उत्तर: दर्शनाने. माणूस वाईटाकडे वाईट म्हणून कधीच जात नाही, त्यात काहीतरी बरं दिसतं म्हणून जातो. चोराला पैसा बरा दिसतो, व्यभिचाऱ्याला सुख बरं दिसतं. मोहाला धुकं लागतं. छोटं चांगलं मोठ्या चांगल्यापेक्षा मोठं दिसेल इतकं तरी धुकं. जो सगळ्या चांगल्याचा उगमच समोरासमोर पाहतोय त्याच्या नजरेत हे धुकं येणार कुठून? योहानाचा ‘कारण’ इथे बसतो. कॅथलिक चर्चमध्ये या दर्शनाचा सिद्धान्त पोप बारावा बेनेडिक्ट याने १३३६ साली अधिकृत केला, आणि त्यामागे एक गंमत आहे. त्याच्या आधीचा पोप बावीसावा जॉन याने थोडी वर्षं आधी प्रवचनांत सांगितलं होतं की संतांच्या आत्म्यांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. गदारोळ झाला. मरणशय्येवर, १३३४ मध्ये, त्याने मत मागे घेतलं. पोपलाही या विषयात पाय जपून टाकावा लागला, हे विद्यार्थ्यांना सांगायला मला आवडतं.

अक्विनासनंतरच्या पिढीतला तत्त्वज्ञ डन्स स्कॉटस (मृत्यू १३०८) याला हे पटलं नाही. त्याच्या मते इच्छा ही इच्छाच. समोर कितीही मोठं चांगलं ठेवा, ती तोंड फिरवू शकते, नाहीतर ती इच्छा कसली? मग स्वर्गात पाप का नाही? कारण देव तिला धरून ठेवतो. क्षमता मुळात शिल्लक राहते, पण देव ती कधी वापरात येऊ देत नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे, इच्छेचा मान राखणारं आहे. मला मात्र ते पुरत नाही. पलंगाखाली बॅग तशीच आहे आणि दारात पहारेकरी बसलाय, असं ते चित्र होतं. पाप होणार नाही हे खरं, पण ते न होण्याचं श्रेय माणसाच्या प्रेमाला मिळत नाही.

पहारेकरीही नको आणि इच्छाही तशीच डळमळीत ठेवली तर काय होतं, हे ऑरिजेनकडे दिसतं. तिसऱ्या शतकातला हा अलेक्झांड्रियाचा अफाट विद्वान. आत्मे आरंभी देवाच्या सान्निध्यात होते आणि हळूहळू त्यांना त्याचा वीट आला, तृप्तीची ओकारी यावी तसा, आणि ते खाली आले, असं तो शिकवत होता. पण मग परत वर गेल्यावर पुन्हा वीट येणार नाही कशावरून? पडणं, चढणं, पुन्हा पडणं, असं चक्र सुरू. ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलला या विचारांचा निषेध झाला. निषेधाचं राजकारण बाजूला ठेवलं तरी अडचण खरी होती: जिथून पुन्हा घसरता येतं ते घर नव्हे, धर्मशाळा.

विटाचं उत्तर निसाच्या ग्रेगरीने दिलं, चौथ्या शतकात. वीट येतो तो मर्यादित गोष्टीचा. जेवण संपतं, गाणं संपतं, माणूसही एका अर्थाने ओळखून संपतो. देव संपत नाही. मोशे देवाशी मित्रासारखा समोरासमोर बोलत होता, तरी निर्गमाच्या ३३व्या अध्यायात तो म्हणतो, तुझं तेज मला दाखव. मिळालं तरी मागतोय. ग्रेगरीच्या मते हा मोशेचा हावरेपणा नव्हता, स्वर्गाचा नमुना होता: प्रत्येक दर्शनाने भूक भागते आणि वाढते. म्हणजे तिथे हालचाल आहे, निवड आहे, पुढे जाणं आहे. फक्त मागे फिरणं नाही. ‘पाप नाही म्हणजे सगळे एका रांगेत उभे राहून तेच गाणं गातील’ ही भीती इथे निघून जाते. दोन चांगल्यांतली निवड ही चांगली आणि वाईट यांतल्या निवडीपेक्षा कमी दर्जाची नसते, चित्रकाराला विचारा.

माझं मत विचाराल तर अक्विनास आणि ग्रेगरी एकत्र हवेत. नुसतं अक्विनास घेतलं तर कुणी म्हणेल, हे तर डोळे दिपवून शरण आणणं झालं. त्यात तथ्य आहे. म्हणूनच मला वाटतं, दर्शन अचानक एखाद्या परक्यावर आदळत नाही. जो त्या दिशेने वळलेला आहे त्याच्या वळण्याला ते पूर्णत्व देतं. ताईंच्या बाबतीत जे अकरा वर्षांत झालं, ते तिथे पुरं होतं.

आता पंचाईत. मग आधीच का नाही?

तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी याने १९५५ साली हे टोकदार करून मांडलं. माणूस एखाद्या वेळी स्वतंत्रपणे चांगलं निवडू शकतो, तर प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे चांगलंच निवडेल असा माणूस घडवण्यात तार्किक अडचण कोणती? सर्वशक्तिमान देवाने तसा का नाही घडवला? आल्विन प्लँटिंगाने १९७० च्या दशकात उत्तर दिलं की कुणी स्वतंत्रपणे काय निवडेल हे घडवणाऱ्याच्या हातात नसतं. हातात असेल तर ते स्वतंत्र नव्हे. तर्क म्हणून हे भक्कम आहे आणि मॅकीच्या मूळ आरोपाला ते पुरतं. पण आपल्या प्रश्नाला पुरत नाही, कारण आपण तर आत्ताच मान्य केलं की स्वर्गात पाप करू न शकणारे स्वतंत्र लोक असतील. आपल्याच हाताने आपण मॅकीला दार उघडून दिलं. वर्गात एखादी हुशार मुलगी हे पकडते आणि मग तासाला रंग चढतो.

अलीकडचे ख्रिस्ती तत्त्वज्ञ (जेम्स सेनेट १९९९ मध्ये, टिमथी पॉल आणि केव्हिन टिम्पी २००९ मध्ये) इथे जे म्हणतात त्याचा गाभा मला पटतो. स्वभावातून आलेलं ‘करता येत नाही’ हे माझं स्वातंत्र्य तेव्हाच, जेव्हा तो स्वभाव घडण्यात माझा हात असतो. ताईंना आज जाता येत नाही, यात कमीपणा नाही, कारण पहिली दोन वर्षं रोज जाता येत असताना त्या गेल्या नाहीत. तीच बाई जन्मतःच तशी बनवून नणंदेच्या उशाशी बसवली असती, तर तेच पावडर लावणं, तीच साडीची घडी, पण ते तिचं म्हणवलं नसतं. ते बनवणाऱ्याचं झालं असतं. स्थिर झालेली इच्छा देता येते. माझी म्हणून स्थिर झालेली इच्छा देता येत नाही, कारण ‘माझी’ हा भाग देणाऱ्याकडे नसतोच. त्यासाठी मधला काळ लागतो, आणि मधल्या काळात बॅग पलंगाखाली असते. हे जग म्हणजे तो मधला काळ.

यावर तीन आक्षेप येतात. दोन निभावतात.

पहिला, येशूच्या शेजारी क्रूसावर खिळलेला चोर. त्याने कुठे स्वभाव घडवला? दुपारी पश्चात्ताप केला आणि त्याच दिवशी सुखलोकात. याचं उत्तर असं की घडवणं म्हणजे भिंतीची प्रत्येक वीट स्वतः रचणं नव्हे. व्यसन सुटत नाही म्हणून जो स्वतःहून उपचाराला भरती होतो आणि म्हणतो, ‘मी ओरडलो, शिव्या दिल्या तरी सोडू नका’, त्याच्यावर पुढे जे होतं ते त्याच्याविरुद्ध होत नाही. चोराचं ‘माझी आठवण ठेव’ ही तशी सही होती. बाकीचं काम कृपेचं, आणि बघायला गेलं तर आपल्या सगळ्यांच्याच बाबतीत बाकीचं काम कृपेचं. इथे प्रोटेस्टंट म्हणून एक कबुली देतो. आमच्या परंपरेत विश्वासणाऱ्याचा आत्मा मरणक्षणी पवित्रतेत पूर्ण होतो, झटक्यात. कॅथलिकांची शुद्धिस्थानाची कल्पना मी मानत नाही, त्याची कारणं वेगळी आहेत, पण या एका प्रश्नापुरती त्यांची बाजू माझ्यापेक्षा सुटसुटीत आहे. घडण्याचं काम मरणानंतरही सावकाश चालतं, असं त्यांना म्हणता येतं. मला त्या झटक्याचं समर्थन त्या सहीवरच करावं लागतं.

दुसरा, सैतान. तो तर स्वर्गातच होता ना, मग तिथून कसा पडला? लूकच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की सैतान आकाशातून विजेसारखा पडताना मी पाहिला. यहूदाच्या पत्रात आपली पायरी न राखलेल्या दूतांचा उल्लेख आहे. यावर जुनं उत्तर साधं आहे: दूत कृपेत निर्माण झाले, पूर्ण दर्शनात नव्हे. त्यांचाही मधला काळ होता, फार छोटा असेल. ज्यांनी होकार दिला ते दर्शनात स्थिर झाले आणि त्यानंतर एकही पडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. एदेन बागेचंही हेच. बाग स्वर्ग नव्हती. आदाम निष्पाप होता, पण निष्पाप असणं आणि पक्का असणं यांत तान्ह्या मुलात आणि संतात असतं तेवढं अंतर आहे.

तिसरा आक्षेप तान्ह्या मुलाचाच. जे मूल तिसऱ्या दिवशी गेलं, त्याला मधला काळ कुठे मिळाला? ते स्वर्गात असेल, तर काही न घडवता स्थिर झालेली इच्छा देता येते, असा अर्थ होतो, आणि माझी सगळी इमारत हलते. ते तिथेच वाढेल, असं ग्रेगरीच्या धाग्याने म्हणता येतं, आणि मी ते म्हणतो. पण ते माझ्या युक्तिवादातलं ठिगळ आहे हे मला माहीत आहे, आणि विद्यार्थ्यांपासून मी ते लपवत नाही. मुलाला मूठमाती देताना मी हा युक्तिवाद मांडतही नाही.

एवढ्या सगळ्यात एक साक्षीदार राहिला, खरं तर तो आधी यायला हवा होता. पाप न करणारी, तरीही पूर्ण स्वतंत्र मानवी इच्छा आपण स्वर्गासाठी कल्पून काढलेली नाही. ख्रिस्ती माणसाच्या मते ती एकदा या जमिनीवर चालून गेली आहे. सातव्या शतकात वाद पेटला: ख्रिस्ताला एकच दैवी इच्छा होती की मानवी इच्छाही होती? सम्राटाला एकच हवी होती, साम्राज्यात शांतता राहावी म्हणून. मॅक्सिमस नावाच्या वृद्ध संन्याशाने नकार दिला. ६६२ साली त्याची जीभ आणि उजवा हात तोडला आणि हद्दपार केलं. त्याच वर्षी तो गेला. एकोणीस वर्षांनी, ६८०–६८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचंच म्हणणं मान्य केलं: दोन इच्छा, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेच्या विरोधात नाही.

मॅक्सिमसचा आधार होता गेथशेमाने, अटकेच्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली ती जागा. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ इथे माणसाची इच्छा गिळली गेलेली नाही. ती मरणाला भिते, घाम फोडते, प्याला टळावा म्हणते, आणि मग स्वतः होऊन हो म्हणते. मॅक्सिमसने एक बारीक भेद केला तो मला या विषयातला सगळ्यात उपयोगी वाटतो. इच्छा असणं वेगळं आणि ‘हे करू की ते’ म्हणून चाचपडणं वेगळं. चाचपडणं हे इच्छेचं मूळ रूप नाही, नीट दिसत नसल्याने आलेली तिची चाल आहे. अंधारात माणूस भिंतीला हात लावत चालतो. उजेड झाला की हात खाली येतो, चालणं थांबत नाही. आपण त्या हात लावण्यालाच स्वातंत्र्य म्हणत आलो आहोत.

स्वर्गात पापाची आठवण राहील का, हाही जोडप्रश्न नेहमी येतो. ऑगस्टीनचं उत्तर दोन ओळींत: रोग वैद्यालाही ठाऊक असतो आणि रोग्यालाही. तिथे आपल्याला आपलं पाप वैद्यासारखं ठाऊक असेल. मला हे पटतं, कारण आठवण पुसली तर कृपाही पुसली जाते आणि येशूला नाकारून पुन्हा परतलेला शिष्य पेत्र हा पेत्र राहत नाही.

शेवटी, हा प्रश्न मला सगळ्यात गंभीरपणे विचारला तो कुठल्या विद्यार्थ्याने नव्हे. एक वृद्ध गृहस्थ होते, दारू सोडून एकोणीस वर्षं झालेली, यकृत मात्र आधीच गेलेलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि विचारलं, “तिथे गेल्यावर परत घसरलो तर?” मॅकी त्यांनी ऐकलेला नव्हता. त्यांना स्वतःची भीती वाटत होती. मी म्हटलं, नाही घसरणार. ज्याने काम सुरू केलंय तो ते पुरं करतो, पौलाने फिलिप्पैकरांना तसं लिहिलंय. तिथे तुम्हाला ती नकोशीच होईल. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी इथे रोज नाही म्हटलं, ते तिथे कुणाच्या कामाचं नाही?”

मी सांगितलं की तिथलं ते नको वाटणं त्याच रोजच्या नाहींचं बनलेलं असेल. एकोणीस वर्षांचे दिवस किती होतात ते त्यांनी मला करून दाखवायला लावलं. मी तिथेच पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली: ६,९३५, लीप वर्षं सोडून. “चार-पाच धरा वरचे,” ते म्हणाले.